चोर्ल्याची वाट आणि गंजलेले बोल्ट

बेळगावाहून गोव्यास उतरण्याच्या गाडीवाटा मुख्यतः तीन. एक आंबोलीवरून सावंतवाडीस जाणारी. दुसरी खानापूर, लोंढा, रामनगर असे करीत अनमोड घाटाने मोल्यास उतरणारी. आणि तिसरी जांबोटी-कणकुंबीच्या रानातून चोर्ला घाटाने केरी-साखळीकडे नेणारी. पहिली लांबची परंतु सुखाची, दुसरी जुनी आणि अवजड वाहनांच्या रहदारीची, तिसरी सर्वांत जवळची. या तिसऱ्या वाटेने पणजी सुमारे सव्वाशे किलोमीटर पडते. सकाळी चहा घेऊन निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास मांडवीकाठी पोहोचतो, आणि म्हणून रस्ता कितीही उखडलेला असो, आम्ही बेळगावकर पुन्हा पुन्हा याच वाटेस लागतो.

गोवा आम्हांस परका असा कधी वाटलाच नाही. बेळगावची भाजी आणि दूध घेऊन निघालेल्या गाड्या रोज पहाटे घाट उतरतात. तिकडची मंडळी कापडचोपड, लग्नाचा बस्ता आणि औषधोपचार यांसाठी इकडे वर येतात. १९५५ मध्ये सीमा बंद झाली तेव्हा अनेक घरांतील लेकी तिकडे आणि आईबाप इकडे अशी ताटातूट झाल्याचे वृद्ध मंडळी सांगत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ही वाट पुन्हा माहेरवाटेसारखी वाहती झाली. घराघरांतली कुलदैवते तर बहुतांशी घाटाखालचीच. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांच्या दर्शनाचा नेम चुकू नये, एवढी धडपड प्रत्येक कुटुंबात असते. प्रस्तुत लेखातील हकीकत अशाच एका नेमाची आहे. परंतु ती सांगण्यापूर्वी या वाटेची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे, कारण हकीकतीतला खरा कर्ता ही वाटच आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसले आहे. गाव मागे पडले की भाताची खाचरे लागतात, मग हळूहळू झाडी दाट होत जाते आणि जांबोटीनंतर रस्ता रानाच्या स्वाधीन होतो. पुढे कणकुंबी. माउली देवीच्या देवळाजवळ येथे मलप्रभा नदी उगम पावते. इवल्याशा कुंडातून निघालेले हे पाणी पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरास पोहोचते. याच खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात म्हादई उगम पावते. ती मात्र पश्चिमेकडे वळून गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्रात विसर्जित होते. एकाच रानात पडणाऱ्या पावसाच्या अशा दोन वाटण्या निसर्गाने केल्या, आणि त्या वाटण्यांवरून माणसांनी भांडण मांडले. म्हादईच्या पाणीतंट्यावर लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी वाद अजून शमलेला नाही.

कणकुंबीचा पाऊस हा एक स्वतंत्र विषय आहे. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत या गावाची गणना होते. जून लागला की येथले आभाळ खाली उतरते आणि सप्टेंबर संपेपर्यंत वर जात नाही. भिंतींस शेवाळ, कौलांस शेवाळ, मैलाच्या दगडांसही शेवाळ. पावसाळ्यात येथून गेलेली मोटार घरी परतते ती पोटाखाली तांबड्या चिखलाचा गिलावा घेऊनच.

कणकुंबीपुढे चोर्ला. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ही तीन राज्ये येथे एकमेकांस भेटतात. घाटमाथा सुमारे आठशे मीटर उंच आहे. येथून रस्ता एकामागून एक वळणे घेत सत्तरी तालुक्यात उतरू लागतो. धुके नसेल तर खाली अंजुणे धरणाचा जलाशय दिसतो. तो एका वळणावर डाव्या हातास, तर दुसऱ्या वळणावर उजव्या हातास असतो. घाट संपतो केरीस. पुढे साखळी, आणि साखळीच्या पुढे डिचोलीचा खाणींचा मुलूख. २०१२ मध्ये खाणकाम थांबेपर्यंत या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची अखंड रांग असे आणि झाडांची पानेही तांबडी दिसत. त्यानंतर किनारा, खारा वारा आणि समुद्र. सारांश, या सव्वाशे किलोमीटरांत मोटारीला आधी घाटमाथ्याचा पाऊस भेटतो, मग जांभ्याचा चिखल आणि शेवटी समुद्राचे मीठ. लोखंडाचे तिन्ही वैरी एकाच रस्त्यावर वस्तीस आहेत.

आता हकीकतीकडे वळू. आमच्या शेजारी एक वकीलसाहेब राहतात. त्यांच्या तीर्थरूपांनी १९८८ मध्ये घेतलेली अॅम्बॅसडर मोटार अद्याप त्यांच्या दारात उभी आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात या मोटारींचे उत्पादन मे २०१४ मध्ये बंद झाले. तेव्हापासून जुनी अॅम्बॅसडर बाळगणे हे थोडेसे जुने घर बाळगण्यासारखे झाले आहे. वकीलसाहेबांच्या मुलाची नवी मोटार शेजारीच उभी असते. तरीही जुनी ठेवण्याचे कारण वकीलसाहेबांच्या मातोश्री. आम्ही सर्व त्यांना आक्का म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. गुडघे फार दिवसांपासून दुखरे. नव्या मोटारीच्या सखल आसनावर त्यांना बसता येत नाही, आणि बसल्या तर उठता येत नाही. अॅम्बॅसडरचे दार रुंद, आसन खुर्चीएवढे उंच; तीत त्या कोणाचा हात न धरता चढतात. माघ महिन्यात मंगेशाच्या जत्रेस जायचे, हा त्यांचा लग्न झाल्यापासूनचा नेम.

मे २०२४ मध्ये या नेमावर संकट आले. कुटुंबातील एका मंगलकार्यासाठी वकीलसाहेब, त्यांची पत्नी, आक्का आणि मी असे चोर्ला उतरत होतो. मोटार चालविण्यास एक नवा, सपाटीवरच्या गावचा तरुण होता. त्याने घाटभर गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकवरचा पाय म्हणून काढला नाही. अर्ध्या घाटात जळक्या लायनरचा वास येऊ लागला. आणखी दोन वळणांनंतर पायटा दाबूनही गाडी हवी तशी आवरेना. वकीलसाहेबांनी शांत आवाजात त्याला दुसरा गिअर टाकावयास लावला, हातब्रेक ओढावयास लावला आणि गाडी डोंगराच्या अंगास घेऊन थांबविली. चाकांतून धूर येत होता. तरुण पाण्याची बाटली घेऊन धावला, त्यास आम्ही अडविले. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी ओतले तर तो तडकण्याचे भय असते. तासभर तेथेच बसून राहिलो. आक्का आत जपमाळ ओढीत होत्या. खाली अंजुण्याचे पाणी उन्हात चकाकत होते, परंतु ते पाहण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

घरी परतल्यावर नातवाने स्पष्ट सांगितले, ही गाडी यापुढे घाट उतरणार नाही. बोलणे रास्तच होते. आक्का काही बोलल्या नाहीत. मात्र दिवाळीनंतर दरवर्षी पेटीतून काढून उन्हात ठेवायची ती जत्रेची नऊवारी त्यांनी त्या वर्षी काढली नाही. वकीलसाहेबांच्या हे ध्यानात आले आणि त्यांनी गाडीच्या ब्रेकांचा विचार मुळापासून करावयाचे ठरविले.

घाटात ब्रेक का निकामी होतात, हे समजण्यास शाळेतले पदार्थविज्ञान पुरते. माणसे व सामान धरून अॅम्बॅसडर साधारण दीड हजार किलो भरते. घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत ती सुमारे सातशे मीटर खाली येते. दीड हजार, सातशे आणि गुरुत्वाकर्षणाचे ९.८ यांचा गुणाकार केला तर उत्तर एक कोटी ज्यूलच्या थोडे वर येते. तीसबत्तीस लिटर पाण्यास, म्हणजे दोन मोठ्या घागरींस, उकळी आणावी एवढी ही उष्णता. खालच्या गिअरमध्ये उतरले तर तिचा मोठा वाटा इंजिन आपल्या अंगावर घेते. गिअरचा आधार घेतला नाही तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर पडतो. जुन्या पद्धतीच्या ड्रम-ब्रेकमध्ये लायनर बंद डब्यात आतून घासतात. उष्णता कोंडते, लायनरची पकड सुटते. त्यातच ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेणारे असते. जुन्या तेलात पाणी मुरलेले असेल तर ते लवकर उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायटा पोकळ लागतो. डिस्क-ब्रेकमध्ये फिरणारी तबकडी उघड्या वाऱ्यावर असल्यामुळे ती लवकर निवते.

नंतरच्या काळातील अॅम्बॅसडर मोटारींस कारखान्यातूनच पुढे डिस्क येत असत. त्याच जातीचे सुटे भाग मिळवून जुन्या गाडीस बसवावयाचे, असे ठरले. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, हे वकीलसाहेबांस सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी आधी परिवहन कार्यालयात रीतसर विचारणा केली आणि मगच गाडी उद्यमबागेत आणली.

बाहेरगावच्या वाचकांस उद्यमबाग ठाऊक असण्याचा संभव कमी. बेळगावच्या दक्षिण अंगास पसरलेली ही औद्योगिक वसाहत ओतशाळांसाठी आणि यंत्रशाळांसाठी प्रसिद्ध आहे. बीड ओतणारे, कातणारे, भोके पाडणारे, घासणारे असे नाना कारागीर येथे एकमेकांस लागून काम करतात. लोखंडाची ही विद्या या गावात जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आपले सायकलचे दुकान येथेच थाटले, लोखंडी नांगर येथेच घडविला आणि १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले, ज्याची पुढे किर्लोस्करवाडी झाली. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता तेवढा उरला. पण लोखंडाशी बोलणारी माणसे मात्र गावात राहिली. त्यांपैकीच एका मिस्त्रींच्या हाती आम्ही गाडी सोपविली. साठीचे गृहस्थ, हाताखाली दोन पोरे, भिंतीवर क्रमाने टांगलेले पाने, आणि कोपऱ्यात गणपतीची तसबीर.

जत्रेस अकरा दिवस उरले होते. मिस्त्री म्हणाले, काम चार दिवसांचे. डिस्क, कॅलिपर, नवे नळ, सारे जमवून ठेवले होते. नव्या ब्रेकसाठी पुढच्या चाकांचा आस आणि त्याचा सांधा बदलणे भाग होते, आणि त्यासाठी खालचा आर्म, त्यास धरून ठेवणारा दांडा व शॉक-अॅब्सॉर्बर हे सगळे सोडवावयाचे होते. दोन्ही बाजूंचे मिळून आठ मोठे बोल्ट. तेवढ्यासाठीच चार दिवस कशाला, असे वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून परतताना डोकावलो. पाच बोल्ट तबकात पडले होते. तीन जागच्या जागी. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “गुरुजी, तीन जाम हायत. ऐकंना झाल्यात.” आणि मग बॅटरीचा उजेड खाली टाकून मला ते दाखविले. “ह्यो बोल्ट न्हवं बघा, ह्यो तुमचा घाट हाय.” खरोखरच तो घाट होता. नटाच्या कडा गंजाने गोल झालेल्या, आट्यांत तांबडी माती सिमेंटासारखी बसलेली, आणि तिच्याखाली पापुद्र्यांवर पापुद्रे. छत्तीस पावसाळ्यांचा हिशेब तेथे लिहिलेला होता.

गंज का धरून बसतो याचे कारण साधे आहे. लोखंड, ओल आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. मिठाचा अंश असेल तर ही क्रिया झपाट्याने होते. झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. बोल्ट आणि त्याभोवतीची नळी यांच्यात केसाएवढी फट असते; तेथे गंज फुगला की त्यास बाहेर पडावयास वाट नसते आणि तो पाचरीसारखा आतच रुतून बसतो. वरून आपण जितका जोर लावावा तितका बोल्ट पिळवटतो, पण सुटत नाही. त्यातून मोटारीच्या आर्ममध्ये जो बुश असतो त्यात दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये रबर भरलेले असते. हातोड्याचा घाव बोल्टवर घातला तर तो रबरच गिळून टाकते. माणूस घाव घालून थकतो; बोल्टला त्याची वार्ताही नसते.

मिस्त्रींची रीत मी तीन दिवस येताजाता पाहिली, आणि ती येथे नोंदवून ठेवण्यासारखी वाटते. प्रथम त्यांनी गाडी केवळ जॅकवर न ठेवता चारी बाजूंनी लोखंडी घोड्यांवर घेतली. ही गाडी पुढच्या बाजूस पिळाच्या दांड्यांवर तोललेली असते. त्या दांड्यांतील ताण मोकळा केल्यावाचून आर्मचा बोल्ट काढू पाहणे जिवावर बेतू शकते. मग तारेच्या ब्रशाने प्रत्येक आटा दिसेपर्यंत घासला. गंज सोडविणारे पातळ तेल लावून रात्रभर ठेवले. सकाळी पुन्हा लावले, दुपारी पुन्हा. पाना लावला तोही खुल्या तोंडाचा नव्हे, तर नटास चोहोकडून धरणारा गोटी पाना, म्हणजे कडा आणखी झिजत नाहीत. आणि गंमत अशी की पहिला जोर त्यांनी सोडण्याच्या दिशेने लावलाच नाही. आधी किंचित आवळला. दोन्ही दिशांनी थोडे थोडे हलवीत, मध्ये तेल सोडीत, दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला बोल्ट कुरकुरत बाहेर आला.

दुसऱ्यास अग्नी दाखवावा लागला. त्याआधी जवळची ब्रेकची नळी काढून टाकली, तेलाचे डबे बाहेर नेले, ओले पोते आणि वाळूची बादली शेजारी ठेवली. मग गॅसच्या ज्योतीने नट तेवढा लाल केला. तापलेला नट पसरतो, बोल्ट त्या मानाने गार असतो. दोहोंतील गंजाची पकड त्या क्षणी तुटते. नट थोडा निवताच पाना लावला आणि तो फिरला. पोरांनी आनंदाने आरोळी ठोकली. मिस्त्रींनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, तेव्हा ती शांत झाली.

तिसरा मात्र अडला. नट निघाला, परंतु बोल्टाचा दांडा बुशाच्या नळीशी एकजीव झाला होता. टोकाचे आटे बिघडू नयेत म्हणून मिस्त्रींनी नट पुन्हा टोकाशी सपाट बसवून, त्यावर पितळी ठोकळा धरून घाव घातले. काही नाही. तिसरा दिवस असा गेला, चौथाही गेला. जत्रेस सहा दिवस उरले. धाकट्या पोराने हळूच सुचविले की या बाजूस जुना बोल्ट तसाच राहू द्यावा, नट पुन्हा कसून टाकावा, बाकीचे सगळे भागवून घेता येईल. वरून काही दिसणार नाही. वकीलसाहेब तेथेच उभे होते. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिले. मला वाटते, त्या क्षणी त्यांच्या मनात आक्कांची नऊवारी असावी, आणि मिस्त्रींनी ‘चालतंय’ म्हटले असते तर ते कदाचित हो म्हणून गेले असते.

मिस्त्री म्हणाले, “वकीलसाहेब, खाली घाट हाय. ब्रेक जेवढा जोरात धरणार, तेवढा ओढा ह्या बोल्टावर येणार. नवा ब्रेक बसवून जुना बोल्ट ठेवायचा, म्हणजे नवीन दार आणि मोडकी बिजागरी. मी करणार न्हाई.”

संध्याकाळी वकीलसाहेबांनी घरी आक्कांना सारे सांगितले. मीही होतो. आक्कांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अरे, मंगेश कुठे पळून जातो का? कुट्ठाळीहून उचलून प्रियोळास आणला, तिथे इतकी शतके बसलाच आहे ना? जत्रा हुकली तर नंतर जाऊ. त्या माणसाला घाई करू नकोस.” पोर्तुगीज अमदानीत १५६० साली मूळ स्थानाहून देव हलविला गेला, त्या इतिहासाचा असा उपयोग मी पूर्वी ऐकला नव्हता.

पाचव्या दिवशी बोल्ट कापावयाचे ठरले. कापायचे म्हणजे कोठे, यातच कारागिरी आहे. बुशाची बाजू आणि त्यास धरणारा सांगाड्याचा कान यांच्यामधील अरुंद फटीतून पातळ पाते सरकवून मिस्त्रींनी बोल्ट दोन्ही अंगांनी कापला. बुश वाया गेला, पण तो बदलायचाच होता. बोल्ट वाया गेला, पण तो नवा मिळतो. सांगाड्याच्या कानास मात्र ओरखडा उठला नाही. कारण तो कान गाडीच्या देहाचा भाग, तो बिघडला तर सारेच बिघडते. कोणती वस्तू वाचवायची आणि कोणती जाऊ द्यायची, हे ठरविण्यास चार दिवस लागले, कापावयास अर्धा तास.

नवे बोल्ट आणण्यास आम्ही पोरांपैकी एकाबरोबर गेलो. हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचे साधे बोल्ट स्वस्तात मिळत होते. मिस्त्रींनी ते आणू नका, असे आधीच बजावले होते. या गाडीचे आटे इंची मापाचे. अशा बोल्टाच्या डोक्यावर त्याच्या ताकदीची खूण असते: तीन रेघा असतील तर पाचवी प्रत, सहा असतील तर आठवी, एकही रेघ नसेल तर तो दाराच्या कडीस ठीक, गाडीच्या आर्मास नव्हे. मिलिमीटर मापाच्या बोल्टांवर ८.८, १०.९ असे आकडे असतात. मूळ बोल्टावरची खूण गंजातून घासून काढून, तीच प्रत आणि आट्याविरहित दांड्याची तीच लांबी जुळवून आम्ही आठही बोल्ट नवे घेतले. नट नवे, वायसर नवे.

बसविताना दोन गोष्टी मला नव्याने कळल्या. एक, दांड्यास नळीच्या आत पातळ ग्रीस लावायचे, म्हणजे पुढल्या वेळी गंजास जागा मिळत नाही. आट्यांस मात्र ते फासायचे नाही, कारण आवळण्याचे माप त्याने चुकते. दुसरी, रबरी बुशाचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाके जमिनीस टेकवून, गाडीचे ओझे त्यांवर आल्यावरच मापाच्या पान्याने आवळायचे; नाही तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. डिस्कमध्ये ड्रमासारखी आपोआप आवळली जाण्याची सोय नसल्याने पायास अधिक जोर पडतो. म्हणून इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टरही जोडला. ब्रेकचे तेल सगळे नवे भरले आणि सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून एकेका चाकाची हवा काढली.

नव्या ब्रेकांस लगेच घाटात नेऊ नये. त्यांच्या तबकड्या आणि पॅड एकमेकांस सरावले पाहिजेत. दोन दिवस वकीलसाहेबांनी सकाळी गाडी गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर नेऊन वेग कमी करण्याचा सराव केला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघेच जांबोटीपर्यंत जाऊन आलो. परतल्यावर मिस्त्रींनी पुन्हा सगळे बोल्ट पान्याने तपासले. पहिल्या धावेनंतर एकदा तपासावे लागतात.

फेब्रुवारी २०२५. माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. या वेळी गाडी वकीलसाहेबांनी स्वतः घेतली. कणकुंबीस धुके होते. माउलीच्या देवळाशी थांबून आक्कांनी गाडीतूनच हात जोडले. घाटमाथ्यावर त्यांनी दुसरा गिअर टाकला, आणि ज्या गिअरने चढावे त्यानेच उतरावे हा जुना नियम पाळीत, वळणापुरता ब्रेक लावून सोडीत, आम्ही खाली आलो. मेमध्ये जेथे धूर पाहिला होता ते वळण आले आणि गेले. वास नाही, धूर नाही. केरीस पोहोचल्यावर वकीलसाहेबांनी गाडी थांबवून कपाळावरचा घाम पुसला. तो उन्हाचा नव्हता. नातू मागल्या आसनावरून म्हणाला, “आजी, नवे ब्रेक कसे वाटले?” आक्का म्हणाल्या, “कुठले? मला तर काही कळलंच नाही.”

साखळीहून माशेलमार्गे आम्ही मंगेशीस पोहोचलो तेव्हा दीपमाळेपाशी गर्दी लोटली होती. वाद्ये वाजत होती, फुलांच्या आणि नारळांच्या राशी पडल्या होत्या. आक्का नऊवारी नेसून, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून सभामंडपात गेल्या. आम्ही तळ्याच्या पायरीवर बसून राहिलो. वकीलसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “परत गेल्यावर मिस्त्रींना प्रसाद द्यायला आधी जायचे.” त्याप्रमाणे गेलो. मिस्त्रींनी प्रसाद कपाळास लावून घेतला, दोन्ही पोरांना दिला, आणि लगेच गाडीखाली वाकून बोल्टांकडे पाहिले.

निघताना त्यांनी सांगितलेली गोष्ट घाटवाटेने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावी. पावसाळा संपला की गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुऊन, माती काढून, कोरडे करावे. समुद्रकाठी राहून आल्यास परतल्यावर तेच करावे. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे. आणि आर्माचे बोल्ट वर्षातून एकदा, गाडीचे ओझे नीट तोलून, जाणत्या हातांनी सैल करवून, पुसून, ग्रीस देऊन पुन्हा मापाने आवळून घ्यावेत. दरवर्षी हललेला बोल्ट जाम होत नाही. या सगळ्यास मुहूर्त शोधावयास नको. आपल्याकडे खंडेनवमी नेमकी पावसाच्या अखेरीस येते. त्या दिवशी आपण गाडी पुसून तिला हार घालतो, लिंबू बांधतो, हळदकुंकू लावतो. हार घालण्याच्या आधी एकदा खाली वाकून बोल्ट पाहावेत. वकीलसाहेबांच्या घरी यंदाच्या खंडेनवमीस मिस्त्रींना जेवणाचे आमंत्रण आहे. पाने घेऊन या, असे आक्कांनी सांगून ठेवले आहे.